पणजीच्या हॉटेलात सभासदत्वाचे फायदे पदरात कसे पाडून घ्यावेत : नवख्यांसाठी पायरीपायरीने

हॉटेल साखळीचं सभासदत्व फुकट असतं. मोबाइलवर नाव, ईमेल, नंबर भरला की झालं. खरा घोळ पुढे होतो. ‘मी गोल्ड मेंबर आहे, मग मोठी खोली का दिली नाही?’ हा प्रश्न पणजीतल्या मोठ्या हॉटेलांच्या रिसेप्शनवर शनिवारी दुपारी हमखास ऐकू येतो. त्याचं उत्तर साखळीच्या सभासद कार्यक्रमाच्या नियमावलीत असतं, पण ती उघडून कोणी बघत नाही.

सभासदांचे फायदे दोन जातींचे असतात. काही हक्काचे, म्हणजे अटी पाळल्या की हॉटेलला ते द्यावेच लागतात : पॉइंट (मुक्कामावर जमा होतात, पुढे खोलीसाठी वापरता येतात), सभासदांचा दर, वायफाय, वरच्या दर्जाच्या (सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम अशा श्रेणींतल्या वरच्या) लोकांना नाश्ता. बाकीचे ‘उपलब्धतेनुसार’ : वरच्या वर्गातली खोली (अपग्रेड), सकाळी लवकर चेक-इन, बहुतेक वेळा उशिराचं चेकआउटसुद्धा. हक्काचं ते ठामपणे मागून घ्यायचं आणि उपलब्धतेनुसारचं ते वेळेवर, नीट विचारून मिळवायचं. यात गल्लत झाली की ट्रीपचा पहिलाच तास वादात जातो.

पहिली पायरी : साखळी निवडा

पणजी आणि आसपास साखळ्यांची नावाजलेली हॉटेलं अशी : मिरामारला गोवा मॅरियट रिसॉर्ट अँड स्पा, सांतिनेजला विवांता, पाटोला जिंजर, कदंब पठारावर डबलट्री बाय हिल्टन, बांबोळीला ग्रँड हयात. यांचे कार्यक्रम अनुक्रमे मॅरियट बॉनव्हॉय, टाटा न्यूचा न्यूपास (विवांता आणि जिंजर दोन्ही ताजच्या कंपनीची), हिल्टन ऑनर्स आणि वर्ल्ड ऑफ हयात.

गोव्याच्या चार दिवसांवरून साखळी ठरवू नका. वर्षभरात कामासाठी पुणे, मुंबई, बेंगळुरू, हैदराबाद इथे कुठे उतरता ते आधी बघा. मॅरियट, हयातसारख्या साखळ्यांत दर्जा मिळतो तो मुख्यतः कॅलेंडर वर्षात मोजलेल्या रात्रींवर. मॅरियटमध्ये १० रात्रींना सिल्व्हर, २५ ला गोल्ड, ५० ला प्लॅटिनम. हयातमध्ये १० ला डिस्कव्हरिस्ट, ३० ला एक्सप्लोरिस्ट, ६० ला ग्लोबलिस्ट. वर्षाला चार-पाचच रात्री हॉटेलात काढणाऱ्याने दर्जाच्या मागे धावू नये. त्याच्या कामाचा फायदा म्हणजे सभासदांचा कमी दर, आणि तो पहिल्या दिवसापासून मिळतो. अशा माणसाला न्यूपास समजायला सोपा पडतो, कारण त्यातला पॉइंट, म्हणजे एक न्यूकॉइन, सरळ एक रुपया.

मॅरियटचा दर्जा एकदा मिळाला की पुढचं पूर्ण वर्ष आणि त्यानंतरचा फेब्रुवारी संपेपर्यंत टिकतो. २०२६ मध्ये कमावलेला दर्जा फेब्रुवारी २०२८ अखेरपर्यंत चालतो. म्हणून डिसेंबरात दोन-तीन रात्री कमी पडत असतील तर हिशेब करून बघायला हरकत नाही. एरवी रात्री भरून काढण्यासाठी उगाच खर्च करू नका.

बँकेच्या कार्डावर दर्जा फुकट मिळतो अशी जाहिरात दिसते. एचडीएफसी बँकेच्या मॅरियट कार्डावर सिल्व्हर मिळतं, हे खरं. पण सिल्व्हर म्हणजे मुख्यतः १० टक्के जादा पॉइंट आणि उपलब्धतेनुसार उशिराचं चेकआउट. नाश्ता नाही. कार्ड घ्यायचं तर त्यावरच्या मोफत रात्रीचा हिशेब मांडून घ्या, निव्वळ सिल्व्हरसाठी घेण्यात अर्थ नाही.

पणजीच्या फोंतेन्यास या जुन्या वस्तीतली, जुन्या घरांतली छोटी हॉटेलं वेगळी. तिथे कार्ड नसतं, पॉइंट नसतात. थेट फोन करून बुकिंग करणाऱ्या, दुसऱ्यांदा येणाऱ्या पाहुण्याला मात्र ती बरा दर आणि बरी खोली देतात, कारण बुकिंग साइटला द्यायचं कमिशन वाचतं. तिथे जुन्या बुकिंगची तारीख सांगायची आणि हवी ती खोली नावानिशी मागायची, एवढं पुरतं.

दुसरी पायरी : खातं उघडताना नावाकडे लक्ष द्या

आपल्याकडे सगळ्यात जास्त पॉइंट बुडतात ते नावामुळे. आधारवर नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव असं तिहेरी नाव असतं. खात्यात फक्त नाव आणि आडनाव. लग्नानंतर आडनाव बदललं असेल तर खातं माहेरच्या नावाने, ओळखपत्र सासरच्या नावाने. खात्यातलं नाव आणि आडनाव ओळखपत्रावरच्या स्पेलिंगशी अक्षरन् अक्षर जुळवून घ्या. ओळखपत्र म्हणून आधार, वाहन परवाना, पासपोर्ट किंवा मतदार कार्ड चालतं. पॅन कार्ड चालत नाही, त्यावर पत्ता नसतो.

नवरा-बायको दोघांनी खाती उघडावीत, पण बुकिंग कायम एकाच्याच नावावर करावं. रात्री अर्ध्या इकडे, अर्ध्या तिकडे गेल्या तर दोघांचाही दर्जा होत नाही. ज्याच्या नावावर बुकिंग त्याने प्रत्यक्ष मुक्कामाला असायलाच हवं. मुलाने आईवडिलांसाठी आपल्या खात्यातून खोली घेतली आणि स्वतः आला नाही, तर पॉइंट मिळत नाहीत. दोन खोल्या घेतल्यास मॅरियटमध्ये पॉइंट तीन खोल्यांपर्यंतचे मिळतात, दर्जासाठीची रात्र मात्र स्वतः राहिलेल्या एकाच खोलीची मोजतात.

तिसरी पायरी : बुकिंग

इथे चुकलं की पुढच्या सगळ्या पायऱ्या वाया जातात.

पहिला नियम : बुकिंग साखळीच्या स्वतःच्या ॲपवर, वेबसाइटवर किंवा हॉटेलला थेट फोन करून. बाहेरच्या बुकिंग साइटवर, टूर कंपनीच्या पॅकेजमध्ये किंवा विमानासोबतच्या जोडणीत घेतलेल्या खोलीवर पॉइंट मिळत नाहीत, रात्र मोजली जात नाही, आणि दर्जाचे फायदे द्यायचे की नाही ते हॉटेलच्या मर्जीवर राहतं. साइटवर हजार रुपये स्वस्त दिसलं तर मॅरियट आणि हिल्टन, दोघांकडेही दर जुळवून देण्याची हमी आहे. बुकिंग केल्यापासून २४ तासांच्या आत दावा करायचा. खोलीचा प्रकार, तारखा, रद्द करण्याच्या अटी, नाश्ता असणं-नसणं, सगळं तंतोतंत सारखं असेल तरच दावा टिकतो. बहुतेक दावे फेटाळले जातात ते याच कारणाने : एकीकडे नाश्ता धरलेला, दुसरीकडे नाही.

लग्नाच्या पाहुण्यांचा प्रश्न गोव्यात वारंवार येतो. खोल्या यजमानाने एकगठ्ठा घेतलेल्या असतात आणि बिल त्याच्याकडे जातं. अशा खोलीचे पॉइंट पाहुण्याला मिळत नाहीत. खोलीचे पैसे तुम्ही स्वतः भरणार असाल तर चेक-इनच्या वेळी सभासद क्रमांक जोडून घ्या आणि तुमचा दर पॉइंटसाठी धरला जातो का, हे त्याच वेळी विचारा. ऑफिसच्या ट्रॅव्हल डेस्कने काढलेल्या खोलीचंही तसंच : कंपनीचा ठरलेला दर सहसा चालतो, मध्यस्थाकडून घेतलेली खोली चालत नाही.

दुसरा नियम : दर कायम करासकट बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून रात्रीला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी लागतो, त्याच्या वर गेलं की १८ टक्के. सभासदांची छोटी सूट या रेषेजवळ फार मोलाची ठरते. समजा, खोलीचा दर ७,८०० आहे. १८ टक्क्यांनी ते ९,२०४ रुपये होतात. सभासद म्हणून ५ टक्के सूट मिळाली की दर ७,४१० वर येतो, कर ५ टक्क्यांवर उतरतो आणि एकूण भरायचे ७,७८० रुपये. सूट ३९० रुपयांची, वाचले १,४२० च्या वर. म्हणून दर ७,५०० ते ८,००० च्या दरम्यान दिसला की सभासदांचा दर, आठवड्याच्या मधल्या दिवसांचा दर, ज्येष्ठ नागरिकांचा दर, सगळे पालथे घाला. पॉइंट मोजतात ते कर वगळून, हेही ध्यानात असू द्या.

ऑफिसच्या खर्चाने राहणाऱ्यांसाठी एक गोष्ट : महाराष्ट्रात नोंदणी असलेल्या कंपनीला (राज्य कोड २७) गोव्यातल्या हॉटेलने लावलेल्या कराचं इनपुट टॅक्स क्रेडिट (भरलेला कर आपल्या करातून वळता करण्याची सोय) मिळत नाही. मुक्कामाची सेवा जिथे हॉटेल तिथेच धरतात, त्यामुळे बिलावर गोव्याचा (कोड ३०) सीजीएसटी-एसजीएसटी, म्हणजे जीएसटीचा केंद्राचा आणि राज्याचा वाटा, लागतो. तरी कंपनीचा जीएसटी क्रमांक बिलावर चेक-इनलाच घालून घ्या. नंतर बिल बदलून द्यायला हॉटेलं कुरकुर करतात.

तिसरा नियम : नावातला ‘रिसॉर्ट’ हा शब्द दुर्लक्षून चालत नाही. मॅरियटच्या प्लॅटिनम सभासदाला शहरी हॉटेलात दुपारी ४ पर्यंतचं चेकआउट हक्काचं आहे, रिसॉर्टमध्ये तेच ‘उपलब्धतेनुसार’ होतं. मिरामारचं मॅरियट पणजी शहरातच आहे, पण नोंद रिसॉर्ट म्हणून आहे. हयातच्या ग्लोबलिस्टचंही ४ वाजेपर्यंतचं चेकआउट रिसॉर्टमध्ये उपलब्धतेवरच असतं. पुण्यात सहज मिळणारी गोष्ट गोव्यात नाकारली गेली की लोक चिडतात. चूक बऱ्याचदा हॉटेलची नसते.

चौथी पायरी : तारखा

पणजीचं गणित किनाऱ्यापेक्षा वेगळं आहे. मांडवीतल्या कॅसिनोंमुळे इथे शुक्रवार-शनिवार भरलेले असतात. रविवार रात्र ते गुरुवार रात्र या काळात दरही उतरतात आणि वरच्या वर्गातली खोली मिळण्याची शक्यताही वाढते. एकच रात्र राहणार असाल तर रविवारची घ्या : शनिवारचा लोंढा सकाळी गेलेला असतो आणि चांगल्या खोल्या मोकळ्या झालेल्या असतात.

नोव्हेंबरात इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव असतो तेव्हा कांपालच्या आसपास खोल्या मिळत नाहीत. कार्निव्हलच्या शनिवारी शहरात मिरवणूक असते, नदीकाठच्या बांदोडकर मार्गावरची वाहतूक वळवतात, आणि टॅक्सी हॉटेलच्या दारापर्यंत जाईलच असं नाही. त्या दिवशी दुपारच्या आत पोचा. नाताळ ते नववर्ष या काळात दर्जाचे उपलब्धतेवरचे फायदे जवळजवळ विसरा. ३१ डिसेंबरच्या रात्री अनेक हॉटेलं गाला डिनरचे पैसे सक्तीने जोडतात. पॉइंटवर खोली घेतली तरी ते लागतात का, हे बुकिंगपूर्वी लेखी विचारून घ्या.

चवथीच्या, म्हणजे गणेशोत्सवाच्या दिवसांत गोव्यातले बरेच कर्मचारी घरी जातात, तसंच नाताळात. त्या वेळी हाउसकीपिंगला उशीर होतो, रूम सर्व्हिस रेंगाळते. खोली कधी आवरून हवी ती वेळ सकाळीच सांगून ठेवली तर बरंच सुरळीत होतं. जून ते सप्टेंबर पावसाळा, दर सगळ्यात कमी, अपग्रेड सगळ्यात सहज. फक्त खोलीला ओलीचा वास नाही ना, एवढं बघावं लागतं.

पाचवी पायरी : पोचण्याआधीचा निरोप

खोल्यांचं वाटप तुम्ही काउंटरवर उभे राहिल्यावर होत नाही. फ्रंट ऑफिस आदल्या दिवशी किंवा त्या दिवशी सकाळी येणाऱ्यांची यादी काढतं, दर्जा, मुक्कामाची लांबी, दर आणि विनंत्या बघून खोल्या नेमून ठेवतं. तुमची विनंती त्या यादीत तोवर असायला हवी. पोचण्याच्या दोन-तीन दिवस आधी ॲपमधल्या चॅटवर किंवा हॉटेलच्या ईमेलवर निरोप टाका. त्याआधी टाकला तर विसरला जातो, त्यानंतर टाकला तर खोली लागून गेलेली असते.

निरोपात पाच गोष्टी असाव्यात : बुकिंग क्रमांक, सभासद क्रमांक, पोचण्याची खरी वेळ, एक विनंती, तिचं कारण. विनंती एकच. उंच मजला, नदीची बाजू, लवकर खोली, केक, अपग्रेड अशी पाच कलमी यादी दिली की कुठलंच कलम नीट पूर्ण होत नाही. काहीसं असं लिहा :

‘आम्ही गुरुवारी सकाळी साडेसातला पुण्याहून रात्रीच्या बसने पोचू. सोबत ७० वर्षांची आई आहे. एखादी खोली सकाळी ११ पर्यंत तयार होऊ शकली तर मोठी मदत होईल, मग ती कुठल्याही मजल्यावर असली तरी चालेल.’

शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. एक गोष्ट मागताना दुसरी सोडल्यामुळे फ्रंट ऑफिसला जुळवाजुळव करायला जागा मिळते.

मराठी प्रवाशाची मुख्य अडचण हीच, सकाळची. पुणे, मुंबई, कोल्हापूरच्या रात्रीच्या बस सकाळी पणजीत पोचतात, कोकणकन्याही सकाळीच करमळीला येते, आणि चेक-इन दुपारी २ किंवा ३ ला. लवकर चेक-इन बहुतेक कार्यक्रमांत कुठल्याच दर्जाला हक्काचं नाही. तेव्हा तीन मार्ग. एक, वर दिलेला निरोप, आणि पोचणं आठवड्याच्या मधल्या वारी. दोन, सामान बेल डेस्कवर ठेवून पावती घ्यायची, मोबाइल नंबर नोंदवायचा, आंघोळीसाठी जिमची किंवा पूलची चेंजिंग रूम वापरता येईल का ते विचारायचं, नाश्ता करून फोंतेन्यास फिरून यायचं. चेंजिंग रूमला बहुतेक हॉटेलं हो म्हणतात, फक्त विचारावं लागतं. तीन, सोबत तान्हं मूल किंवा आजारी माणूस असेल तर आदल्या रात्रीपासूनच खोली घ्या आणि ‘सकाळी ७ ला पोचणार’ असं बुकिंगवर लिहून फोनने पक्कं करा. हे न कळवल्यास रात्रीच्या हिशेबात तुमची नोंद न आलेला पाहुणा म्हणून होते आणि उरलेल्या रात्रीही रद्द होऊ शकतात.

खोलीच्या जागेबद्दल : नदीकाठच्या हॉटेलात मांडवीचं दृश्य सुंदर दिसतं, पण कॅसिनोंचे दिवे आणि संगीत रात्री उशिरापर्यंत चालतं. झोप सावध असणाऱ्यांनी मागची बाजू मागावी. ती सहज मिळते, कारण बाकी सगळे समोरची मागत असतात.

सहावी पायरी : रिसेप्शनवर

आपला दर्जा मोठ्याने सांगायची गरज नसते, समोरच्या स्क्रीनवर तो दिसतो. ‘माझा मेंबर नंबर बुकिंगला जोडलेला आहे ना, एकदा बघाल का?’ एवढं म्हणा. मग नाश्ता माझ्या दरात किंवा दर्जात आहे का, किती जणांचा, ते विचारा. शेवटी अपग्रेड : ‘आज वरच्या वर्गात काही मोकळं असेल तर आवडेल.’ नाही म्हटलं तर पैसे भरून किती, ते विचारा. काउंटरवरचा वाढीव दर ॲपवरच्या फरकापेक्षा कमी असू शकतो, विशेषतः पावसाळ्यात. मात्र त्यावरही कर लागतो, आणि वाढलेला दर ७,५०० ची रेषा ओलांडत असेल तर सगळ्या खोलीभाड्यावर १८ टक्के लागतील.

अपग्रेडबाबत अपेक्षा माफक ठेवा. सिल्व्हर-गोल्डला मिळालंच तर एक पायरी वरची खोली मिळते : जरा उंच मजला, बाल्कनी, कोपऱ्याची खोली. स्वीट, म्हणजे बैठकीची वेगळी जागा असलेली मोठी खोली, नव्हे.

काउंटरवरची माणसं कोकणी, मराठी, हिंदी सगळं बोलतात. मराठीत बोला, आणि काम झाल्यावर कोकणीत धन्यवाद, म्हणजे ‘देव बरें करूं’, म्हणा.

अनामत रकमेकडे नीट बघा. खाण्यापिण्याच्या संभाव्य खर्चासाठी हॉटेल काही रक्कम अडवून ठेवतं. क्रेडिट कार्डावर ती नुसती राखून ठेवतात. डेबिट कार्डावर पैसे खात्यातून खरोखर जातात आणि परत यायला आठवडा-दहा दिवस लागू शकतात. शक्यतो क्रेडिट कार्ड द्या, रक्कम किती ते विचारा, आणि चेकआउटला ती सोडल्याची खात्री करा.

आरक्षण असून ‘खोली शिल्लक नाही’ असं सांगितलं गेलं, तर पक्क्या बुकिंगवर जवळच्या तोलामोलाच्या हॉटेलात सोय आणि तिथवरची गाडी हॉटेलच्या खर्चाने मागा. मॅरियटच्या सिल्व्हर आणि त्यावरच्या सभासदांना यासाठी भरपाईचीही लेखी हमी आहे.

सातवी पायरी : बॅग उघडण्याआधी खोली तपासा

पाच मिनिटं लागतात. एसी २४ वर लावा आणि खरंच थंड होतं का बघा. गरम पाणी दोन मिनिटं सोडा. फ्लश, बाथरूमचा निचरा, दाराची आतली कडी, तिजोरी, वायफाय. पावसाळ्यात कपाट उघडून वास घ्या आणि गादीखाली हात घाला. ओल असेल तर खोली बदलूनच घ्या. सुगंधी फवारा मारून ओल जात नाही, तासाभराने वास परत येतो.

काही बिघडलं तर लगेच सांगा. सामान लावून, एक रात्र झोपून, सकाळी चेकआउटला तक्रार केली तर हॉटेलकडे दुरुस्त करण्यासारखं काही उरत नाही, फक्त दिलगिरी उरते. रिसेप्शनला सांगून अर्ध्या तासात काही झालं नाही तर ड्युटी मॅनेजरला बोलवा. काय बिघडलंय, किती वाजता सांगितलं, आता काय हवंय, तिन्ही गोष्टी एका दमात सांगा. ‘एसी पाणी गाळतोय, सव्वातीनला सांगितलं, चार वाजलेत, दुसरी खोली द्या.’ मोबाइलवर फोटो काढून तोच मजकूर ॲपच्या चॅटवरही टाका, म्हणजे लेखी नोंद राहते. नंतर भरपाई म्हणून पॉइंट मागायचे झाले तर हीच नोंद उपयोगी पडते.

आठवी पायरी : नाश्ता आणि बिल

नाश्ता कोणाला मिळतो हे साखळीगणिक बदलतं. हिल्टनच्या गोल्डला डबलट्रीमध्ये सभासद आणि सोबत एक जण असा मिळतो. हयातच्या ग्लोबलिस्टला एका खोलीतले दोन मोठे आणि दोन मुलं. घरचे चौघं असाल तर हा फरक तीन दिवसांत काही हजारांचा होतो, म्हणून नाश्त्यासकटचा आणि नाश्त्याविना, दोन्ही दरांची करासकट बेरीज आधीच करून ठेवा. तिसऱ्या माणसाचे पैसे किती, हे पहिल्या सकाळी बसण्यापूर्वी विचारा.

आदल्या आर्थिक वर्षात ज्या हॉटेलात एखाद्या खोलीचं भाडं ७,५०० च्या वर गेलं, तिथल्या रेस्टॉरंटच्या बिलावर १८ टक्के जीएसटी लागतो. बाहेरच्या साध्या रेस्टॉरंटमध्ये ५. एक वेळचं जेवण शहरातल्या ‘१८ जून’ नावाच्या मार्गावर उरकणं म्हणूनही परवडतं.

सेवाशुल्क वेगळं आणि ऐच्छिक. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी ते आपोआप लावायला मनाई केली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ती भूमिका उचलून धरली. बिलात दिसलं तर काढून टाकायला सांगा. नकार मिळाला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. वाचलेल्या पैशांतले काही सामान वाहणाऱ्या आणि खोली आवरणाऱ्या माणसाच्या हातात थेट द्यावेत, हे आवर्जून सांगावंसं वाटतं. ज्यांच्या कामामुळे मुक्काम सुखाचा होतो त्यांच्यापर्यंत ते नक्की पोचतात.

नववी पायरी : चेकआउट

परतीची गाडी बघून ठरवा. मडगावहून दुपारची वंदे भारत असेल तर उशिराच्या चेकआउटचा काही उपयोग नाही, पणजीहून मडगाव तासाभराचं आहे आणि तुम्हाला बाराच्या आसपास किंवा त्याआधीच निघावं लागतं. संध्याकाळची कोकणकन्या, रात्रीची बस किंवा मोपाहून रात्रीचं विमान असेल तर मात्र ते सोन्याचं.

विचारायची वेळ : आदल्या संध्याकाळी. तेव्हा उद्या किती पाहुणे येणार हे फ्रंट ऑफिसला कळलेलं असतं. चेक-इनला विचारलं तर ‘बघू’ मिळतं, सकाळी दहाला विचारलं तर खोली दुसऱ्याला लागलेली असते. ‘४ वाजता’ असं मोघम मागण्यापेक्षा ‘दीडपर्यंत मिळेल का’ असं विचारलं की होकार लवकर येतो. मिळालेली वेळ चॅटवर लिहून घ्या, नाहीतर हाउसकीपिंग बाराला दार ठोठावतं, आणि कधी चावीचं कार्डही बंद पडतं. कार्ड नव्याने चालू करून घ्यायला आदल्या रात्रीच सांगा.

नाही मिळालं तरी सामान ठेवून घेणं आणि पूल वापरू देणं, एवढं बहुतेक हॉटेलं करतात.

बिल खोलीवर मागवून सावकाश वाचा. मिनीबार, लाँड्री आणि दोनदा लागलेला नाश्ता या तीन ओळींत चुका जास्त सापडतात. बिलावर सभासद क्रमांक छापलेला आहे का बघा आणि पीडीएफ ईमेलवर मागवा.

दहावी पायरी : पॉइंटचा हिशेब

पॉइंटची किंमत स्वतः काढायला शिका. सूत्र सोपं : त्याच रात्रीचा करासकट रोख दर, भागिले लागणारे पॉइंट. समजा, खोली ९,००० अधिक १८ टक्के म्हणजे १०,६२० रुपयांना आहे आणि तीच २०,००० पॉइंटना मिळते. एक पॉइंट ५३ पैशांचा झाला. मॅरियट एका डॉलरला १० पॉइंट देतं. डॉलर ९० रुपये धरला तर ९,००० रुपयांवर १,००० पॉइंट, म्हणजे सुमारे ५३० रुपये परत आले. भरलेल्या रकमेच्या साधारण ५ टक्के. बाहेरची साइट करासकट १० टक्के स्वस्त देत असेल आणि दर्जाचा काही फायदा तुम्हाला मिळणारच नसेल, तर साइटवरून घ्या. त्यात काही गैर नाही.

पॉइंट वापरायचे ते महागड्या रात्रींना. पावसाळ्यात खोली स्वस्त असताना रोख द्या, डिसेंबरात पॉइंट द्या. मॅरियटमध्ये सलग पाच रात्री पॉइंटवर घेतल्या तर सगळ्यात कमी पॉइंटची रात्र फुकट जाते. हिल्टनमध्ये पाचवी रात्र फुकट मिळते, पण सिल्व्हरपासून पुढे. चारऐवजी पाच रात्री राहता येत असेल तर आधी हे तपासा.

मॅरियट, हिल्टन, हयात तिन्हींकडे २४ महिने खात्यात काहीच हालचाल झाली नाही तर पॉइंट जातात. थोडेसे पॉइंट जमा झाले किंवा वापरले तरी मुदत नव्याने सुरू होते. मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये २० महिन्यांनंतरची आठवण लावून ठेवा.

चेकआउटनंतर दहा दिवसांत पॉइंट दिसले नाहीत तर ॲपमध्ये ‘मिसिंग स्टे’ असा अर्ज असतो. हॉटेलचं नाव, तारखा, बुकिंग क्रमांक आणि बिलाची पीडीएफ जोडायची. पाच मिनिटांचं काम आहे, महिन्याच्या आत उरका. अर्ज फेटाळला गेला तर आधी बिलावरचा दर कुठल्या मार्गाने आला ते बघा. बाहेरच्या साइटचा किंवा मध्यस्थाचा असेल तर विषय संपला. थेट बुकिंग असूनही नकार आला असेल, तर बुकिंगच्या पुष्टीचा ईमेल आणि बिल एकत्र जोडून हॉटेलच्या फ्रंट ऑफिस मॅनेजरला लिहा. रात्र आणि पॉइंट हाताने जमा करण्याची सोय हॉटेलकडेच असते, आणि साखळीच्या कॉल सेंटरपेक्षा तिथून काम लवकर होतं.